तंबू नेमका कोणाच्या अंगणात?

ताडोबाच्या प्रवेशद्वारापर्यंत पर्यटकाच्या प्रत्येक पावलाला नियम आहे. प्रवेशद्वाराबाहेर, जिथे पर्यटकांचे गट प्रत्यक्षात रात्र काढतात, तिथे मात्र नियम विरळ होत जातात आणि वाघ विरळ होत नाहीत. सहलीची आखणी याच वास्तवापासून सुरू व्हायला हवी.

दिवाळीची सुटी जवळ आली किंवा एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की पुण्या-मुंबईतील आणि नागपुरातील सोसायट्यांत, कार्यालयांत आणि जुन्या महाविद्यालयीन मित्रमंडळांत एक बेत हमखास घाटू लागतो. वीस-पंचवीस जणांनी मिळून ताडोबाला जायचे, हॉटेलच्या चार भिंतींऐवजी तंबूत राहायचे, सकाळी वाघ पाहायचा आणि रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणायची. बेत ठरतो तोही ठरावीक क्रमाने. आधी तारखा, मग माणशी खर्च, मग बस की रेल्वे, मग जेवणाचा बेत आणि अखेरीस सफारीचे आरक्षण. तंबू ज्या जमिनीवर उभा राहणार, ती जमीन कशी आहे, तिथे आधीपासून कोण राहते आणि अंधार पडल्यावर तिथे काय घडते, हा प्रश्न या यादीत बहुधा नसतोच.

हा प्रश्न आजवर फारसा कोणाला पडला नाही, यात नवल नाही. ताडोबा पूर्वी दूर होता. आज चित्र वेगळे आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. चंद्रपूर तर दिल्ली-चेन्नई या प्रमुख रेल्वेमार्गावरच आहे. अंतर तेवढेच राहिले, पण वेळ कमी झाला. वाघांची संख्याही वाढली. राष्ट्रीय व्याघ्रगणनेनुसार २००६ मध्ये महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०२२ च्या गणनेत हा आकडा ४४४ वर गेला. त्यांतील मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. वाघ दिसण्याची जवळजवळ खात्री देणारे जंगल अशी ताडोबाची ख्याती देशभर झाली आणि त्या ख्यातीच्या मागोमाग निवासव्यवस्थाही आल्या.

दाराच्या आत आणि दाराबाहेर

ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १९५५ मधली. १९८६ मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे हे गाभा क्षेत्र. त्याच्याभोवती २०१० मध्ये सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र अधिसूचित करण्यात आले. शहरी पर्यटकाच्या बोलण्यात या दोहोंचा उल्लेख 'कोअर' आणि 'बफर' असा येतो. पण बहुतेक वेळा तो सफारीच्या दरापुरता आणि आरक्षण मिळण्याच्या शक्यतेपुरताच. कोअरचे आरक्षण मिळाले नाही तर बफरचे घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

वस्तुतः फरक मूलभूत आहे. गाभा क्षेत्र वाघासाठी मोकळे ठेवायचे, तर बफर क्षेत्रात माणूस आणि वन्यप्राणी या दोघांनीही राहायचे, अशी या रचनेमागची कल्पना. बफरमध्ये गावे आहेत, शेती आहे, गुरे आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गाभा क्षेत्रातील गावे टप्प्याटप्प्याने उठवून बाहेर वसवण्यात आली. वाघासाठी गाव उठले, हे वाक्य बोलायला सोपे आहे. एखाद्या कुटुंबाने पिढ्यान् पिढ्यांचे घर, शेत आणि देवस्थान मागे ठेवले, हा त्याचा अर्थ आहे. ज्या पट्ट्यात पर्यटकांचे तंबू उभे राहतात, तो पट्टा म्हणजे हा बफर आणि त्याला लागून असलेली महसुली जमीन.

आता नियमांकडे पाहू. प्रवेशद्वाराच्या आत सारे काटेकोर आहे. एका जिप्सीत सहाच पर्यटक, सोबत स्थानिक मार्गदर्शक अनिवार्य, ओळखपत्राची पडताळणी, ठरलेली वेळ, ठरलेले रस्ते, वाहनातून खाली उतरण्यास मनाई. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला काही काळ स्थगिती दिली होती. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन असावे आणि तिथे निवासाच्या नव्या सोयी उभारू नयेत, असे स्पष्ट केले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेट प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइलच्या वापरास मनाई, रात्रीच्या पर्यटनावर बंदी, वाघांच्या भ्रमणमार्गात रिसॉर्ट नको आणि गावकऱ्यांच्या घरगुती निवासव्यवस्थेला उत्तेजन, असा या निकालाचा रोख आहे.

सकाळच्या चार तासांत पर्यटकावर एवढी नजर असते. उरलेल्या वीस तासांचे काय? त्या वेळी तोच पर्यटक प्रवेशद्वारापासून काही किलोमीटरवर असतो, मार्गदर्शकाविना असतो, सहाऐवजी तीसच्या घोळक्यात असतो आणि वाहनात नव्हे तर कापडी तंबूत झोपलेला असतो. वाघाला मात्र प्रवेशद्वार कुठे आहे याची माहिती नसते. ब्रह्मपुरीकडे, उमरेड-कऱ्हांडल्याकडे, नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणारे तरुण वाघ याच बफरमधून, शेताच्या बांधावरून आणि नाल्याच्या काठाने वाट काढतात. जंगलाच्या आत जिप्सीत बसलेला माणूस आणि जंगलाबाहेर तंबूत झोपलेला माणूस, यांपैकी अधिक सुरक्षित कोण, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

उन्हाळ्याचे दुहेरी गणित

गर्दीचा हंगाम कोणता, हे पाहिले की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र बंद असते. हिवाळ्यात हवा सुखद असते, पण गवत आणि झुडपे दाट असल्याने प्राणी दिसणे कठीण. मार्चनंतर पानगळ होते, नाले आटतात, प्राणी पाणवठ्यांवर येऊ लागतात आणि व्याघ्रदर्शनाची शक्यता वाढते. म्हणूनच पारा ४५ अंशांच्या पुढे जात असतानाही एप्रिल आणि मे हे ताडोबाचे सर्वांत मागणीचे महिने ठरतात.

नेमक्या याच महिन्यांत बफरमधील गावकरीही जंगलात असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची असतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडायची असतात. दोन्ही कामे पहाटेची, वाकून करायची, आणि दोन्हींवर कुटुंबाच्या वर्षभराच्या रोख मिळकतीचा मोठा भाग अवलंबून. ज्या उष्म्यामुळे वाघ पाणवठ्यावर येतो आणि पर्यटकाला दिसतो, त्याच उष्म्याच्या दिवसांत तो तेंदू तोडणाऱ्या बाईलाही गाठतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. त्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात असे बळी एकामागून एक जात राहिले. शहरांतील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर या बातम्या आल्या. त्याच दिवसांत सफारीची आरक्षणे भरलेली होती.

जंगलात वावरण्याचा अनुभव असलेल्यांनाही ही जोखीम चुकत नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती प्रशिक्षित होती, सहकाऱ्यांसोबत होती आणि वेळ दिवसाची होती. अशा घटनेनंतर गावांत दवंडी पिटली जाते. एकट्याने जाऊ नका, पहाटे आणि संध्याकाळी जाऊ नका, असे सांगितले जाते. गावागावांत स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठ येथे तर वाघ गावाकडे येत असल्याची पूर्वसूचना देणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवण्यात आली. ज्या परिसरात गावकऱ्याने अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नये म्हणून शासन एवढी खटपट करते, त्याच परिसरात शहरातून आलेल्या तीस जणांनी मध्यरात्रीपर्यंत उघड्यावर बसावे, याला सहल म्हणायचे की आणखी काही, याचा विचार होणे आवश्यक आहे.

या भूमीला हे नाते नवे नाही. ताडोबा हे नावच मुळी, गोंड समाजाच्या आख्यायिकेनुसार, वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू या गावप्रमुखावरून आले. तलावाच्या काठी त्याचे देवस्थान आहे आणि पौष महिन्यात तिथे यात्रा भरण्याची परंपरा आहे. वाघाच्या हल्ल्यात गेलेल्या माणसाला देव मानणारी आणि त्याच वेळी वाघालाही पूज्य समजणारी ही संस्कृती. येथील माणूस वाघाला घाबरतो, त्याचा आदर करतो आणि त्याच्याशी अंतर राखून राहतो. पर्यटकाकडून अपेक्षा आहे ती नेमकी याच अंतराची.

'तात्पुरता' तंबू, कायमचा ताण

तंबूंची चलती केवळ हौसेपोटी झालेली नाही. तिला नियमांचीही किनार आहे. संरक्षित क्षेत्रांभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे जाहीर करणाऱ्या देशातील बहुतेक अधिसूचनांमध्ये एक कलम सारखेच आढळते. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवी व्यापारी हॉटेले वा रिसॉर्ट उभारता येत नाहीत. अपवाद फक्त निसर्गपर्यटनासाठीच्या छोट्या, तात्पुरत्या बांधकामांचा. हेतू चांगला होता. काँक्रीटपेक्षा कापड बरे, जमिनीत पाया खोदण्यापेक्षा खुंट्या ठोकणे बरे. स्थानिक तरुणालाही थोड्या भांडवलात चार तंबू उभारून व्यवसाय सुरू करता यावा.

पण तंबू तात्पुरता असला तरी त्यातला माणूस, त्याचा आवाज, त्याचा उजेड आणि त्याचा कचरा हे तात्पुरते नसतात. आठवड्याच्या शेवटी एक गट जातो आणि पुढच्या आठवड्याला दुसरा येतो. तीस जणांच्या दोन दिवसांच्या जेवणातील उरलेसुरले अन्न शिबिरामागच्या खड्ड्यात गेले की तिथे रानडुकरे आणि गावातली कुत्री येऊ लागतात. कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. सहल संपवून गट परत गेलेला असतो. बिबट्या मात्र त्या वाटेला सरावलेला असतो आणि त्याची किंमत शेजारच्या वाडीवरचा शेतकरी आपल्या शेळ्यांनी, कधी त्याहूनही मोठ्या गोष्टीने चुकवतो.

शेकोटीचेही तसेच. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वनविभागासाठी वणव्यांचा हंगाम असतो. साग आणि बांबूच्या या जंगलात तेव्हा जमिनीवर वाळक्या पानांचा थर पसरलेला असतो. राखीव वनात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. वनहद्दीबाहेरच्या खासगी जागेत शेकोटी कायद्याच्या कक्षेत येतेच असे नाही. पण वाऱ्यावर उडालेल्या ठिणगीला सातबारा वाचता येत नाही. ध्वनिक्षेपकाबाबत तर संदिग्धता मुळीच नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वत्र मनाई आहे. शहरातल्या मंगल कार्यालयाशेजारी राहणारा नागरिक या नियमाचा आधार घेऊन पोलिसांना दूरध्वनी करतो. बफरमधल्या गावात पहाटे तीनला मोहफुले वेचायला उठणारी बाई तो करीत नाही आणि नाल्यातल्या वाघिणीला तर ती सोय नाहीच.

शिक्षा कोणाला?

या साऱ्या व्यवहारात एक विसंगती ठळकपणे जाणवते. मर्यादा ओलांडली जाते ती बहुधा पर्यटकाच्या आग्रहामुळे. भोगावे लागते ते स्थानिकाला. मे २०२४ मध्ये ताडोबात एका वाघिणीचा रस्ता पुढून-मागून जिप्सींनी अडवल्याचे चित्र सर्वत्र प्रसारित झाले आणि संबंधित चालक व मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई झाली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या वाहनांनी रोखली. त्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. तिथेही निलंबित झाले ते चालक आणि मार्गदर्शकच.

नियम मोडणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु मार्गदर्शक हा गावातला तरुण किंवा तरुणी असते. बफरमधल्या अनेक घरांत आज पर्यटनामुळे महिन्याची निश्चित मिळकत येते. वाघाने गाय मारली तरी तो जगावा असे वाटण्याचे ते एक ठोस कारण आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस, शौचालये, शेतीला कुंपण अशा सोयी या गावांत पोहोचल्या, त्यामागेही हाच विचार आहे. 'एवढ्या लांबून आलो, जरा पुढे घे', 'मागच्या गटाला दिसला, आम्हाला का नाही' असे जिप्सीतून वारंवार ऐकू आले आणि परतीच्या बक्षिशीचा विषय त्यात मिसळला, की त्या तरुणाची कसोटी लागते. वीस जणांच्या गटात हा दबाव वाढतो, कारण चार जिप्सींपैकी एकीला वाघ दिसला की उरलेल्या तिघींतील मंडळी अस्वस्थ होतात. गटाच्या म्होरक्याने निघण्यापूर्वीच सर्वांना एवढे सांगितले, की वाघ न दिसणे हाही सहलीचा एक संभाव्य शेवट आहे, तर या दबावातला मोठा भाग नाहीसा होईल.

रात्रीच्या फेऱ्यांचेही असेच आहे. न्यायालयाने रात्रीच्या पर्यटनावर बंदी घातली असली, तरी जंगलालगतच्या सार्वजनिक रस्त्यावरून प्रखर दिवे लावून 'सहज एक चक्कर' मारण्याचा मोह गटांना होतोच. डोळ्यांवर झोत पडलेले हरीण जागीच थबकते आणि मागून येणाऱ्या वाहनाखाली सापडते. अशी चक्कर कोणी सुचवली तर ती नाकारणे हे गटाच्या हाती आहे. मागणीच नसेल तर पुरवठाही राहणार नाही.

आखणी उलट्या क्रमाने

मग अशी सहल काढूच नये काय? तसे मुळीच नाही. जंगल पाहिलेला शहरी नागरिक जंगलाच्या बाजूने उभा राहण्याची शक्यता अधिक असते. खाणी, रस्ते आणि औष्णिक वीज यांच्या विळख्यातील चंद्रपूर जिल्ह्याला अशा नागरिकांची नितांत गरज आहे. प्रश्न सहलीचा नसून तिच्या आखणीच्या क्रमाचा आहे. तारखा, खर्च, तंबू आणि शेवटी जंगल, हा क्रम उलटा केला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पहिली पायरी प्रवेशद्वाराची. ताडोबा मंगळवारी बंद असतो, ही साधी गोष्ट न पाहता आखलेल्या सहली दरवर्षी फसतात. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही गाभा क्षेत्राची प्रवेशद्वारे वेगवेगळ्या दिशांना आहेत. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, दक्षिणेकडे. कोलारा उत्तरेकडे, चिमूरच्या अंगाला. मुक्काम मोहर्लीला आणि आरक्षण कोलाऱ्याचे असे झाले, तर जंगलाला बाहेरून वळसा घालून मध्यरात्रीच निघावे लागते. अर्धवट झोपेतला चालक, अंधारा रस्ता आणि ओलांडणारी जनावरे यांचा मेळ धोकादायक ठरतो. म्हणून सफारीचे आरक्षण आधी, तेही वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, आणि मुक्काम त्यानंतर, त्याच प्रवेशद्वाराजवळ. आरक्षणाचे काम पाहणाऱ्या एका कंत्राटदार संस्थेविरुद्ध २०२३ मध्ये सुमारे १२ कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून चंद्रपुरात गुन्हा नोंदवला गेला होता. मध्यस्थाच्या भरवशावर गटाचे पैसे सोपवण्यापूर्वी एवढी आठवण पुरेशी आहे.

दुसरी पायरी संख्येची. जिप्सीत सहा जण बसतात, म्हणून गटही सहाच्या पटीत असावा, हे व्यवहाराला धरून आहे. पण त्याहून महत्त्वाचे हे, की बारा जणांचा गट शांत राहू शकतो, तीस जणांचा राहू शकत नाही. मोठ्या गटाने दोन गावांत विभागून राहावे. गावातल्या घरगुती निवासात राहिल्यास पैसा थेट त्या कुटुंबाकडे जातो, पक्के छप्पर आणि बंद दार मिळते आणि रात्री कुठल्या बाजूला जाऊ नये, हे सांगणारे माणूस घरातच असते. लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील, तर तंबूचा हट्ट सोडून हा पर्याय स्वीकारणेच शहाणपणाचे.

तंबूतच राहायचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी शिबिरचालकाला काही प्रश्न विचारायला हवेत. जागा कोणाच्या मालकीची आहे आणि निवासाची परवानगी कोणाची आहे? भोवती कुंपण आहे काय? शौचालय तंबूपासून किती अंतरावर आहे आणि तिथवरची वाट उजेडाची आहे काय? रात्रभर जागा राहणारा स्थानिक माणूस आहे काय? उरलेले अन्न कुठे जाते? जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला मुक्कामाची माहिती दिली जाते काय? यांतील शौचालयाचा प्रश्न क्षुल्लक नाही. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघ-बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, असे वन्यजीवांचे जाणकार नेहमी सांगतात. त्यामुळे अंधारात एकट्याने झुडपाआड जाणे ही या परिसरातील सर्वांत टाळण्याजोगी चूक होय. एकाही प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आले, तर ते शिबिर कितीही स्वस्त असले तरी नाकारावे.

तिसरी पायरी हवामानाची आणि प्रकृतीची. मे महिन्यात दुपारी तंबूत थांबणे अशक्य असते. उष्माघाताचा धोका वाघाच्या धोक्यापेक्षा कितीतरी अधिक वास्तव आहे. त्यासाठी भरपूर पाणी, क्षारसंजीवनी आणि दुपारची पक्की सावली हवी. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतली पहाट बोचरी असते आणि मुलांना सोसत नाही. मोहर्लीच्या बाजूला मोठे रुग्णालय म्हणजे चंद्रपूर. सर्पदंश झाल्यास किती वेळात आणि कोणत्या वाहनाने तिथे पोहोचता येईल, हे गटातील किमान दोघांना माहीत असले पाहिजे. बस सोडून गेलेली आणि मोबाइलला संपर्कक्षेत्र नाही, अशा स्थितीत हा विचार सुचून उपयोग नाही.

जबाबदारी कोणाची?

शासनाच्या बाजूनेही करण्याजोगे बरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिशा दाखवली आहे. ती शिबिरांपर्यंत पोहोचवण्याचे काम जिल्हा प्रशासन, वनविभाग आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून करायला हवे. जिप्सीला आणि मार्गदर्शकाला जशी नोंदणी, क्रमांक आणि आचारसंहिता आहे, तशीच ती प्रत्येक तंबू शिबिराला असावी. कमाल संख्या, कुंपण, कचरा, उजेड आणि आवाज याबाबतचे निकष लेखी असावेत आणि ते पाळणाऱ्या शिबिरांची यादी वनविभागाच्या संकेतस्थळावर सफारीच्या आरक्षणाशेजारीच दिसावी. वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. ही मदत आवश्यकच आहे. पण मृत्यू टाळण्यावर होणारा खर्च आणि विचार त्याहून अधिक असायला हवा.

तोपर्यंत ही जबाबदारी उरते ती सहलीची वर्गणी गोळा करणाऱ्या माणसावर. बफर क्षेत्रातील रात्रीसाठी आजघडीला तोच नियमकर्ता आहे आणि तोच पहारेकरी. गटातल्या चारचौघांची नाराजी पत्करून दहा वाजता गाणी थांबवणारा, शेकोटीऐवजी लवकर जेवण उरकणारा आणि उरलेला कचरा बसमध्ये घालून चंद्रपूरपर्यंत परत नेणारा म्होरक्या गटाला मिळाला, तर ती सहल कोणाच्या वाट्याला काही वाईट न ठेवता पार पडेल.

दोन रात्रींनंतर पर्यटक आपापल्या शहरात परततात. तंबूची खुंटी निघते आणि भोक बुजते. त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी पहाटे एक बाई टोपली घेऊन मोहाच्या झाडाकडे निघते. आदल्या रात्री तिथे काय टाकले गेले, कोणता प्राणी त्याच्या वासाने आला आणि तो अजून तिथेच आहे काय, हे तिला ठाऊक नसते. सहलीची आखणी चांगली झाली की वाईट, याचा निकाल त्या पहाटे लागतो.